समुद्रसपाटीपासून पुणे

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. ही उंची मोजायला सुरुवात मात्र मुंबईपासून करावी लागते, आणि ही गोष्ट पुण्यात कुणी चारचौघांत बोलून दाखवत नाही. आपल्या देशाची समुद्रसपाटी १९०९ साली नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरली. त्यातलं एक मुंबईचं अपोलो बंदर. कराची, कारवार, कोचीन, मद्रास ही बाकीच्यांपैकी काही मंडळी. पुण्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर शून्याची खूण लकडी पुलाच्या खांबावर झाली असती, मुंबई उणे ५६० मीटरवर गेली असती आणि घाट चढून इकडे येणाऱ्या प्रत्येकाला आपण कुठून आलो ते आकड्यानिशी कळलं असतं.

याहून मोठा अपमान मोबाइल करतो. फोनमधल्या उपग्रहाच्या आकड्याला समुद्राशी काही देणंघेणं नसतं. तो उंची मोजतो गणिताने कल्पिलेल्या एका गुळगुळीत लंबगोलापासून. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला ते इतकं उणं आहे, की तिथलं समुद्राचं पाणी या लंबगोलापेक्षा शंभरेक मीटर खाली बसलंय. आपल्याकडे हा फरक साठ-पासष्ट मीटरचा. त्यामुळे हा हिशेब न करणारं एखादं अॅप पुण्याची उंची सरळ पाचशेच्या आत दाखवतं. आमच्या एका स्नेह्यांनी हे पाहून फोन बदलला. नव्या फोननेही तेच सांगितलं, तेव्हा त्यांनी उपग्रहाला दोष दिला. गुरुत्वाकर्षणाला दोष देण्यापर्यंत ते अजून आलेले नाहीत, पण सेवानिवृत्तीला नुकतंच एक वर्ष झालंय, वेळ आहे.

तसं पाहिलं तर उंचीची माहिती फुकट वाटण्यात पुणेकराचा हात कुणी धरणार नाही. पत्ता सांगतानासुद्धा तो डावं-उजवं नंतर सांगतो. ‘चढ लागला की दुसऱ्या गिअरवर घ्या, गिअर बदललात की लगेच आमची गल्ली.’ हे शहर सायकलींचं होतं तेव्हा तर प्रत्येकाच्या पोटरीत सगळ्या पुण्याचा नकाशा होता. पर्वतीच्या पायथ्यापासून पुढे डबलसीट कुठे उतरवायचं, कुठून पायडल न मारता थेट नदीपर्यंत जाता येतं, हे कुणाला शिकवावं लागत नसे. मग स्कूटर आली आणि उंचीचं ज्ञान पोटरीतून पेट्रोलच्या टाकीत गेलं. आता विजेच्या स्कूटरमुळे ते परत येतंय. सूस रस्त्याचा चढ लागला की बॅटरीचे टक्के असे भराभर उतरतात, की मागे बसलेल्या बायकोकडे नुसतं बघायचीही पंचाईत होते.

हे सगळं ज्ञान तोंडी. कागदावर ते आणायचं तर समोच्च रेषा काढाव्या लागतात. सारख्या उंचीचे ठिपके जोडणाऱ्या या वेड्यावाकड्या रेषा आपण सगळ्यांनी शाळेत काढल्या आहेत आणि परीक्षा झाल्यावर विसरलो आहोत. ज्या पुस्तकातून त्या शिकलो ते काढणाऱ्या बालभारतीची इमारत सेनापती बापट रस्त्यावर टेकडीच्या अगदी पायथ्याशी आहे, म्हणजे संपादक मंडळाने नुसती मान वर केली तरी उदाहरण समोर. त्याच टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता काढायचा की नाही, यावर शहर कित्येक वर्षं भांडतंय. २०२३ मध्ये याच वेताळ टेकडीसाठी पुणेकर चक्क मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले. रविवारची झोप सोडून टेकडीवर जाणारा माणूस तसा रोजच भेटतो, टेकडीसाठी खाली उतरणारा पहिल्यांदाच पाहिला.

तर हा रेषांचा नकाशा मिळवणं हा एकेकाळी स्वतंत्र पराक्रम होता. सर्व्हे ऑफ इंडिया ही १७६७ सालची संस्था. पन्नास हजाराला एक या प्रमाणातले तिचे नकाशे म्हणजे टोपोशीट, आणि त्यावर दर २० मीटरला एक समोच्च रेषा. पुण्याचा भाग ४७ एफमध्ये येतो. गिर्यारोहकांच्या वर्तुळात या टोपोशीटच्या झेरॉक्स फिरायच्या. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंत सिंहगडाच्या कड्यावरच्या दाट रेषा एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग उरायचा. तो डाग दाखवून म्होरक्या गंभीरपणे म्हणायचा, ‘इथे जरा अवघड आहे.’ आणि खरंच असायचं.

२००५ मध्ये सरकारने नकाशांच्या दोन मालिका केल्या. एक संरक्षण खात्यासाठी आणि दुसरी तुमच्या-आमच्यासाठी, तिचं नाव ओपन सिरीज मॅप. त्याच्या एकच वर्ष आधी इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने, नकाशे सरकारी कुलपात कशाला, आपणच काढू आणि वाटू, म्हणून ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला होता. दोघांचीही आद्याक्षरं ओएसएम. एकात कुणीही उठून आपली गल्ली भरावी. दुसऱ्याच्या, म्हणजे सरकारी ओएसएमच्या, फायली २०१७ मध्ये संकेतस्थळावर फुकट मिळू लागल्या तेव्हा त्या उतरवायला आधार क्रमांक द्यावा लागत होता. शिवाजी महाराजांच्याही आधीपासून जागच्या जागी उभ्या असलेल्या सिंहगडाची उंची बघायला माणसाने आपण कोण, कुठले ते सिद्ध करायचं! गडावर जाताना दह्याचं मडकंसुद्धा याहून कमी चौकशीत मिळतं.

त्याच्याही आधी आपली उंची भलत्यानेच मोजून नेली होती. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेचं एंडेव्हर हे अवकाशयान साठ मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून पृथ्वीभोवती फिरलं. दांड्याच्या टोकाला एक अँटेना, यानात दुसरी. एकाच जागेवरून परतलेली रडारची लहर दोघींनी टिपायची आणि त्यांतल्या फरकावरून जमिनीची उंची काढायची. अकरा दिवसांत जगातल्या ऐंशी टक्के जमिनीची उंची मोजून झाली. आपल्याकडे तेवढ्या दिवसांत मोजणीची तारीख मिळते, तीही बदलून. सुरुवातीला आपल्या वाट्याला नव्वद मीटरच्या चौकटीची माहिती आली. २०१४-१५ पासून तीस मीटरचीही फुकट मिळू लागली. इस्रोनेही २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या जोडचित्रांवरून उंचीची माहिती तयार केली आणि ती ‘भुवन’वर ठेवली. आज मोबाइलवरच्या कुठल्याही फुकट नकाशात सह्याद्रीवर तपकिरी रेषा दिसतात, त्यातल्या बहुतेक त्या अकरा दिवसांची किंवा तशाच एखाद्या उपग्रहाची पुण्याई आहे.

आता तीस मीटरची चौकट म्हणजे काय ते सदाशिव पेठेत उभं राहून बघावं. तीस गुणिले तीस, नऊशे चौरस मीटर. एवढ्या जागेत दोन वाडे, सात भाडेकरू, एक पिंपळ, एक बुजवलेली विहीर आणि तीन न्यायालयीन दावे मावतात. या सगळ्यांना मिळून उंचीचा आकडा एकच. दाव्यातले पक्षकार आयुष्यात पहिल्यांदा एका पातळीवर आले ते असे. शिवाय रडारला जमीन आणि छप्पर यांतला भेद कळत नाही. ते झाडाचा शेंडा, पत्र्याची शेड, पाण्याची टाकी सगळंच जमीन म्हणून खाली लिहून घेतं. २०१० ते २०१५ च्या दरम्यान जर्मन उपग्रहांच्या जोडीने हीच मोजणी पुन्हा केली. तेवढ्यात हिंजवडीकडे उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्या नव्या आकड्यांत त्यांच्या जागी चिमुकल्या टेकड्या उगवलेल्या सापडतात. इकडे खऱ्या टेकड्यांचे पायथे खणले जात होते. म्हणजे शहरातल्या एकूण टेकड्यांची संख्या राखण्याचं काम बांधकाम व्यवसायाने चोख केलंय, कागदोपत्री तक्रारीला जागा नाही.

या माहितीवरून रेषा काढायला फार अक्कल लागत नाही. क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. आमच्या सोसायटीतल्या अभियांत्रिकीच्या एका मुलाने एका संध्याकाळी अख्ख्या पुण्याच्या रेषा काढल्या, त्याही एक-एक मीटरच्या. तीस मीटरच्या चौकटीतून एक मीटरच्या रेषा काढ म्हटलं तर संगणक नाही म्हणत नाही. तो निर्लज्जपणे काढतो. त्या चित्रात आमच्या सोसायटीच्या वाहनतळावर एक सुबक टेकाड निघालं आणि कचऱ्याच्या खोलीच्या जागी दरी. चेअरमननी ते चित्र सूचना फलकावर लावलं आणि खाली लिहिलं, ‘दरीत कचरा टाकू नये.’

त्या मुलाला वाटलं, या रेषा ओपनस्ट्रीटमॅपवर चढवाव्या म्हणजे जगाचं भलं होईल. तिथल्या जाणत्यांनी त्याला थांबवलं. त्या नकाशाचा दंडक असा, की जागेवर जाऊन डोळ्यांनी खात्री करता येईल तेच भरायचं. तळजाईच्या टेकडीवर कितीही हिंडा, ६०० मीटरची रेषा कुठे आखलेली दिसत नाही. दिसतात ती वेफर्सची पाकिटं. म्हणून रेषा वेगळ्या ठेवतात आणि ओपनटोपोमॅपसारखे नकाशे छापताना त्या रस्त्यांच्या खाली अंथरतात. शिखराची उंची मात्र भरता येते. पायऱ्यांची संख्याही भरता येते, त्यासाठी खास रकाना आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या हा आकडा आपण लहानपणापासून ऐकतो. तो तिथे निश्चिंतपणे टाकावा आणि पहिली पायरी कुठली धरायची यावरच्या वादाची वाट बघावी.

खरी गंमत चढाच्या रकान्यात आहे. रस्ता ज्या दिशेने काढला त्या दिशेने तो चढतो की उतरतो, हे लिहायचं असतं. म्हणजे एकाने खालून वर काढलेला रस्ता दुसऱ्याने उलटा फिरवला तर चढाचा उतार करावा लागतो. ही सोय ज्याने केली त्याने पुणे पाहिलेलं नाही. एकच रस्ता, दोघंही जातिवंत पुणेकर, एक म्हणतो चढ आहे, दुसरा म्हणतो उतार, आणि दोघंही बरोबर! असं मैदान आम्हाला इतिहास संशोधनातसुद्धा मिळालेलं नव्हतं.

उंचीची देवाणघेवाण खऱ्या अर्थाने पाहायची तर सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर जावं. शहरातल्या सर्वांत उंच जागांपैकी ही एक, ८०० मीटरच्या आसपास. तिथे माथ्यावर एक मंडळ जमतं आणि सगळ्यांचे हात छातीशी येतात. प्रार्थनेसाठी नव्हे, घड्याळ बघायला.

‘आज चढाई एकशे ऐंशी.’

‘माझी दोनशे दहा.’

‘अहो, आपण बरोबरच आलो की.’

‘हो, पण मी मध्ये दोनदा बुटाची नाडी बांधायला वाकलो होतो.’

ही घड्याळं हवेच्या दाबावरून उंची काढतात. वर जावं तसा दाब कमी होतो. पण ढग भरून आले, पावसाळी हवा आली, तरीही दाब कमी होतो, आणि घड्याळाला वाटतं माणूस चढतोय. जूनमध्ये एक गृहस्थ बाकावर बसल्या बसल्या दहा मीटर चढले. त्यांनी त्या दिवशी जिलबी खाल्ली, हिशेबात बसते म्हणून.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. एका ठिकाणी मात्र समोच्च रेषेला रोख किंमत आहे. बांधकामाच्या नियमांत एकास पाचाहून तीव्र उताराच्या डोंगरावर बांधायला मनाई आहे. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटरहून जास्त चढावं लागलं, की तो डोंगरउतार. आता टोपोशीटवर पट्टी ठेवा. दोन रेषांमध्ये २० मीटरचा फरक, एकास पाचने जमिनीवर अंतर १०० मीटर, नकाशावर दोन मिलिमीटर. रेषा दोन मिलिमीटरपेक्षा जवळ आल्या तर तिथे कुसळं आणि मोर, लांब गेल्या तर तीन बेडरूम आणि क्लब हाऊस. या दोन मिलिमीटरांत पुण्याचं निम्मं राजकारण राहतं. पालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण पडलं, तेव्हा तिथे बांधकाम अजिबात नको की चार टक्के चालेल, यावर इतकी वर्षं खल झाला, की तेवढ्यात नवं जंगल वाढलं असतं.

तुम्ही कधी टेकडीलगतच्या प्रकल्पाचं माहितीपत्रक चाळलंय का? पहिल्याच पानावर धुकं, हिरवी टेकडी, बाल्कनीत कॉफी पिणारी बाई आणि ‘हिल व्ह्यू’. त्याच जमिनीची परवानगीची फाईल काढली तर तिथे टेकडी नावालाही सापडत नाही. जाहिरातीत डोंगर, अर्जात मैदान. २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात २०३० पर्यंत देशाच्या उंचीचं अचूक चित्र तयार करायचं ठरलंय, मैदानी भागात २५ सेंटिमीटरपर्यंत आणि डोंगराळ भागात १ ते ३ मीटरपर्यंत. पुण्यात हे काम करायला येणाऱ्या अधिकाऱ्याची मला आत्तापासून कीव येते. मैदान की डोंगर, हे त्याने कुणाला विचारायचं? विक्री विभागाला की आर्किटेक्टला?

एंडेव्हर यानाने २००० मध्ये नेलेला आकडा इथे उपयोगी पडतो. तो तंतोतंत नाही, न्यायालयात टिकेल असा तर मुळीच नाही. पण त्या फेब्रुवारीत टेकडी कुठपर्यंत होती, याचा तो पंचनामा आहे, आणि त्या पंचांना इथे कुणी ओळखत नसल्यामुळे चहाला बोलावलेलं नाही.

शहराबाहेर याच रेषांना माणसं वेगळी वागवतात. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. त्या गावांतल्या बायाबापड्या दोन काठ्यांना बांधलेली पाण्याची पारदर्शक नळी घेऊन उन्हात माळावर फिरल्या. दोन्हीकडे पाणी एका खुणेवर आलं की तिथे फक्की टाकायची आणि पुढचं पाऊल. अशी फक्कीची रेषा माळभर गेली, की त्या रेषेवर सलग समतल चर खणायचे, म्हणजे पाऊस धावत न जाता तिथल्या तिथे जिरतो. यान नाही, आधार क्रमांक नाही. पेशवाईतही हे गणित लोकांना येत होतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी नळातून थेट शहरातल्या हौदांपर्यंत आणलं, पंप नसताना, नुसत्या उतारावर. तो उतार कुणीतरी नीट मोजला असणार, आणि ‘सपाट आहे’ असा दाखला जोडला नसणार.

पाण्याला दाखला दाखवून उपयोग नसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने हे शहराला समजावलं. कात्रजच्या बाजूला पडलेला पाऊस ओढ्याच्या जुन्या वाटेने आला आणि त्या वाटेवर आता घरं होती. माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं, तेव्हा लोक पहाटे विचारत होते, आमचा भाग सखल आहे हे आधी कुणी सांगितलं का नाही? नकाशाने सांगितलं असतं. तो दाखवायला हवा होता.

आता न दाखवायला कारणही उरलेलं नाही. १५ फेब्रुवारी २०२१ पासून भारतीय माणसाला आणि भारतीय कंपनीला नकाशे, उंची, मोजणी यांसाठी आधी परवानगी काढावी लागत नाही. बंधन आहे ते परक्यांवर, उभ्या दिशेत तीन मीटरहून बारीक माहिती आपल्याच माणसांनी करायची आणि आपल्याच देशात ठेवायची. म्हणजे आमच्या गेटपाशी साचणारं दीड फूट पाणी ही शुद्ध स्वदेशी माहिती झाली. मग ती स्वदेशात तरी वाटा. पालिकेने शहराच्या बारीक समोच्च रेषा, ओढ्यांच्या मूळ वाटा आणि नदीच्या निळ्या-लाल पूररेषा एकाच नकाशावर घालाव्या, कुणालाही उतरवून घेता येईल अशा. पीडीएफ नको. तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ तर नकोच.

तोवर वाचकहो, फ्लॅट बघायला जाल तेव्हा नळाला पाणी किती वेळ येतं हे विचाराच, पण फोनवर एखादा समोच्च रेषांचा फुकट नकाशाही उघडा. रेषा डोंगराच्या दिशेने टोक करून वळल्या असतील तर ती घळ आहे, पाऊस तिथूनच खाली येणार. विक्रीवाला मुलगा म्हणेल, ‘सर, इथून हिल व्ह्यू फार सुंदर आहे.’ खरंच असतो. तिथे दुसऱ्या मजल्याच्या खाली घर घेऊ नका, आणि गाडी बेसमेंटला लावू नका.